झडपांच्या पेटीतील बावीस नोंदी

रविवार, १ डिसेंबर १९५७. सकाळचे साडेसहा. तापमान ५५ अंश फॅरनहाइट. वर्षातील तीनशे पस्तिसावी नोंद.

ही नोंद मी त्या दिवशी नेहमीच्या समाधानाने केली. ती खोटी होती, हे कळायला मला आणखी एकोणीस दिवस लागले.

आरंभी चार संकल्पांविषयी सांगितले पाहिजे. दर एक जानेवारीस मी आलेखाच्या कागदावर वर्षाचे संकल्प लिहितो आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दाराशेजारी डकवतो. ही सवय नागपूरच्या तंत्रशाळेपासूनची आहे. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून तेहतीस वर्षे काढली, निवृत्त झालो, तरी सवय सुटली नाही. १९५७च्या कागदावर पुढील चार कलमे होती. एक, दररोज सकाळी साडेसहाला तापमानाची नोंद, एकही दिवस न चुकवता. दोन, वाचनालयातील चोवीस पुस्तके. तीन, त्यांपैकी एक तरी हिंदी, आणि तेही कोश न उघडता. कारण आदल्या नोव्हेंबरात आमचे राज्य नवे झाले, राजधानी बदलल्याने नागपूरला जाणारी पत्रे भोपाळला जाऊ लागली आणि माझ्या दोन अर्जांना मला नीट न समजणारी हिंदी उत्तरे आली होती. चार, घरात कोणताही प्राणी पाळावयाचा नाही.

चौथ्या कलमाला इतिहास आहे. १९३१ साली एका पुलाच्या आराखड्यावरून शेजारचे मांजर ओल्या शाईत पाय बुडवून चालत गेले. वरिष्ठांनी आराखडा पाहिला आणि शांतपणे विचारले, "हे जादा आठ खांब कशासाठी?" तेव्हापासून ते कलम दरवर्षी लिहिले जाते. पत्नी शारदा दरवर्षी ते वाचते आणि दरवर्षी म्हणते, "लिहा, लिहा. कागद तुमचाच आहे."

अंगणातील झडपांची पेटी मी स्वतः केली होती. चार पायांवर उभी, पांढरा रंग दिलेली, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा. वरच्या कप्प्यात तापमापक. खालच्या कप्प्यात मागील वर्षांच्या नोंदवह्या. हवा खेळती राहावी म्हणून दोन्ही कप्प्यांमधल्या फळीला मी बारा भोके पाडली होती. खालचा कप्पा वर्षातून एकदाच, एकतीस डिसेंबरला, सरलेल्या वर्षाची वही ठेवण्यासाठी उघडला जाई.

नोंद झाली की तो आकडा मी फाटकावरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहीत असे. हा फळा सुकलालसाठी होता. सुकलालची केळीची बाग गावाबाहेरच्या लालबाग वस्तीच्या पलीकडे, दीड मैलावर. रोज सातच्या सुमारास तो सायकलला दुधाचे दोन कॅन लावून आमच्या गल्लीत येई. त्या हिवाळ्यात त्याच्या बागेत सहाशे झाडे घडावर होती. केळीला थंडी सोसत नाही. पारा फार उतरला की पाने करपतात, घड जागीच खुंटतो. उपाय एकच: संध्याकाळी झाडांना पाणी द्यायचे आणि बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा. पण सुकलालच्या विहिरीला आठवड्यात दोनच पाळ्यांचे पाणी पुरे. कोणत्या संध्याकाळी मोट धरायची आणि कोणत्या संध्याकाळी पाणी राखायचे, यावर त्याचा हंगाम ठरत असे. मी त्याला नियम घालून दिला होता: फळ्यावर अठ्ठेचाळीस किंवा कमी आकडा दिसला तर त्याच संध्याकाळी पाणी, नाहीतर नाही. थंडीची लाट एका रात्रीत ओसरत नाही, हा त्यामागचा हिशोब. आदल्या हिवाळ्यात त्या नियमाने एकही घड गेला नव्हता.

या नियमाला विरोधक एकच होती, सुकलालची आई रंभाबाई. तिचा भरवसा स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर होता.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा मजेत गेला. माझी बावीस पुस्तके वाचून झाली होती. तेविसावे मधमाश्या पाळण्यावरचे होते. दुपारी अंगणात उन्हाला खुर्ची टाकून मी ते वाचत असे आणि माझी भाची अलका शेजारी चटईवर बसून तिच्या शिक्षिका-प्रशिक्षण वर्गाच्या वह्या लिहीत असे. ती आमच्याकडेच राहून शिकत होती. तिच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि हिंदी कुठे सुरू होते, हे मला कधीच ओळखता आले नाही.

"मामा, हिंदीवालं कलम अजून बाकी आहे हं. सिर्फ पंधरा दिन!"

"मला ठाऊक आहे. मधमाश्या झाल्या की घेतो."

"तोपर्यंत मधमाश्याच हिंदी शिकून जातील."

शारदा त्या दिवसांत विलक्षण लवकर उठत असे. विचारले तर म्हणे, "थंडीत झोप लागत नाही." दूधही अधिक लागू लागले होते. विचारले तर म्हणे, "अलकाचं वाढतं वय आहे." अलका एकोणीस वर्षांची होती. मी ते उत्तर मान्य केले, कारण तेव्हा मी मधमाश्यांच्या राणीच्या प्रकरणापाशी होतो.

मंगळवारी, १७ डिसेंबरला, सुकलाल दूध घालून लगेच निघाला नाही. त्याने सायकल फाटकाला टेकवली आणि कॅनच्या मागे खोचलेले केळीचे पान काढून माझ्यासमोर धरले. पानाची कड हातभर काळी पडली होती.

"हे काय साहेब?"

मी चष्मा पुसून पाहिले. "थंडी."

"तेच तर विचारू राहिलो. बोर्डावर काल बावन, परवा चोपन. अन् खालच्या सरीत नदीकडची तेरा झाडं अशी झाली. घड काळे पडले. आता त्यात काही दम नाही."

"रोग असेल."

"रोग सरीनं चालत नाही साहेब. थंडीच सखल जागी उतरते." त्याने पान कॅनवर ठेवले. "माय म्हणते, गुडघा आठ दिवस झाले ठणकू राहिला. मी म्हटलं, गुडघ्याचं ऐकू का ओव्हरसियरसाहेबाचं ऐकू?"

"मग?"

"तुमचंच ऐकलं ना. पाणी नाही सोडलं." हे त्याने तक्रारीच्या सुरात म्हटले नाही, आणि त्यामुळेच मला अधिक लागले. "पाचशे सत्त्याऐंशी झाडं बाकी हायेत. फक्त एवढं सांगा, तुमची नळी ठीक हाय ना?"

तंत्रशाळेत आम्हांला एक शिस्त लावली होती. आकडा पटला नाही तर आधी उपकरण तपासा, मग वाचणारा, मग मांडणी. एका वेळी एकच. मी सुकलालला म्हटले, "तीन दिवस दे. तोवर आजच्या संध्याकाळी खालच्या भागाला पाणी दे."

"अन् बाकीच्याला?"

"बाकीच्याला तीन दिवसांनी सांगतो."

आता लिहिताना या उत्तराची मला लाज वाटते. पण त्या वेळी ते अतिशय शास्त्रशुद्ध वाटले होते.

उपकरण तपासण्यासाठी बर्फ हवा होता. वितळत्या बर्फात तापमापक बरोबर बत्तीस दाखवायला पाहिजे. लालबागेत स्टेशनच्या वाटेवर देवरामचे बर्फाचे दुकान होते. उन्हाळ्यात तिथे उभे राहायला जागा नसे. डिसेंबरात देवराम स्वतःच दुकानाबाहेर शेगडी घेऊन बसला होता.

"बर्फ?" तो उठलाच. "साहेब, घरी कोणी बीमार हाय का?"

"नाही."

"मग पाहुणा आला असन. नागपूरकडचा?"

"तापमापक तपासायचा आहे."

देवरामने दोन शेर बर्फ फोडून भुशात गुंडाळून दिला आणि शेजारच्या पानवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "त्याहिले थंडी मोजायची हाय, म्हणून थंडी विकत घेऊन चालले."

तापमापकाने बत्तीस दाखवले. रेषेवर रेष. उपकरण निर्दोष.

बुधवारी वाचणाऱ्याची तपासणी झाली. अलकाला मी साडेसहाला पेटीपाशी उभे केले आणि आकडा न सांगता वाचायला लावले. तिने त्रेपन्न वाचले. मीही त्रेपन्नच वाचले होते. माझे डोळे निर्दोष. मात्र पेटीचे दार लावताना अलका अकारण खोकली आणि तिने खालच्या कप्प्याकडे पाहिले, हे मला नंतर आठवले. हाताला बोचणारी हवा त्रेपन्न अंशांची असू शकत नाही, हेही मला जाणवले होते. पण हात हे उपकरण नव्हे.

राहिली मांडणी. म्हणजे पेटी. पेटी मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्यावर संशय घेण्यात माझा संपूर्ण गुरुवार गेला. मी तिची उंची मोजली, झडपांचा कोन मोजला, भिंतीपासूनचे अंतर मोजले. सर्व काही योग्य होते. दुपारी वाचनालयात जाऊन मधमाश्यांचे पुस्तक परत केले. ग्रंथपाल प्रभाकर याला मी हकिगत सांगितली. तो चष्म्यावरून पाहत म्हणाला, "काका, तुम्ही रोज साडेसहालाच पाहता ना? एकदा सहाला पाहा की."

"नोंदीची वेळ साडेसहाची आहे."

"नोंद नका करू. नुसतं पाहा."

मला हे सुचले नव्हते. निवृत्तीनंतर पाच वर्षांत मी साडेसहाच्या आधी अंगणात पाऊल टाकले नव्हते, कारण तसे कारणच नव्हते. प्रभाकरने चोविसावे पुस्तक म्हणून भोपाळहून आलेली एक पातळ सरकारी हिंदी पुस्तिका पुढे केली, घरगुती प्राण्यांच्या निगेविषयीची. "अडतीस पानं. तुमचं तिसरं कलमही होऊन जाईल." विषयाकडे न पाहता मी ती पिशवीत टाकली.

शुक्रवार, २० डिसेंबर. पावणेसहाला मी मागचे दार उघडले.

अंगणात कंदील होता. कंदिलाच्या उजेडात शारदा माझी जुनी शाल पांघरून पेटीपुढे उकिडवी बसली होती. खालच्या कप्प्याचे दार सताड उघडे होते. चुलीत शेकलेली एक अख्खी वीट तिने गोणपाटात गुंडाळली होती आणि ती आत सरकवत ती कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती.

"सरक गं बाई. भाजेल. हां, अशी."

आतून म्याऊ असे उत्तर आले.

मी खाकरलो. शारदा दचकली नाही. मागे वळून तिने आधी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे पाहिले.

"आज लवकर कसे?"

"शारदा, आत काय आहे?"

"भुरी."

"भुरी कोण?"

"भुरी आणि तिची चार पिल्लं. अठ्ठावीस नोव्हेंबरपासून. आदल्या दिवशी जळणाच्या ढिगाऱ्यात व्याली. तिथे बोका येत होता, मग कुठे ठेवणार?"

मी वाकून पाहिले. १९५३ ते १९५६ या चार वर्षांच्या नोंदवह्यांवर एक राखी मांजर ऐसपैस पसरले होते आणि चार पिल्ले तिला लुचत होती. विटेची ऊब बारा भोकांतून सरळ वर जात होती. भोके मी अतिशय नेमकी पाडली होती.

"माझ्या पेटीत!"

"अहो, अख्ख्या घरात तुम्ही हात लावणार नाही अशी तेवढी एकच जागा. तो कप्पा एकतीस तारखेशिवाय उघडत नाही. तोवर पिल्लांचे डोळे उघडून ती वाटून झाली असती." तिने कंदील उचलला. "तुमच्यापासून काही लपवायचं तर सगळ्यात सोपं. तुमची वेळ कधी चुकत नाही. पावणेसहाला वीट ठेवते, सव्वासहाला दार लावते, साडेसहाला तुम्ही येता."

इतक्यात अलका दारात आली. तिने एकंदर दृश्य पाहिले आणि पटकन म्हणाली, "मामा, मी झूठ नाही बोलले हं. तुम्ही विचारलंच नाही."

मी रागावणार होतो. वाक्यही तयार होते. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे काळी कड पडलेले पान आले आणि राग जागच्या जागी थिजला. मी पन्नासावर चढलेला तापमापक काढला, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांच्या तारेला टांगला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबलो. एकेचाळीस.

शारदेने मागून विचारले, "किती?"

"एकेचाळीस. फळ्यावर आज पन्नास लिहिले गेले असते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सुकलालची तेरा झाडं विटेनं मारली."

शारदेचा चेहरा उतरला. तिला बागेचे आणि फळ्याचे नाते ठाऊकच नव्हते. फळा ती माझी करमणूक समजत असे. "अगंबाई," एवढेच ती म्हणाली, आणि मग, "मग अजून उभे काय? जा ना!"

मी सातची वाट पाहिली नाही. अलकाने सायकल काढली, मला मागे बसवले, आणि साठ वर्षांचा निवृत्त ओव्हरसियर भाचीच्या सायकलवरून लालबागेतून गेला. देवराम दुकान झाडत होता. त्याने काहीतरी विचारले; सुदैवाने ते ऐकू आले नाही.

सुकलाल गोठ्यात धार काढत होता. मी जे घडले ते क्रमाने सांगितले, विटेच्या आकारमानासह. त्याने धार थांबवली. मग चरवी खाली ठेवून त्याने विचारले, "मांजरीनं?"

"वीट माझ्या घरची, पेटी माझी, भोकं माझी. मांजरीचा दोष नाही."

ओसरीवर गोधडीत बसलेल्या रंभाबाईने सर्व ऐकले होते. ती हसत सुटली. "ओ दादा! माह्या गुडघ्यात मांजर नाही बसत, म्हणून तो खरं बोलते!"

"मावशी, तुमचं बरोबर होतं."

"ते लिहून द्या त्या बोर्डावर."

सुकलाल मात्र विहिरीकडे पाहत होता. "साहेब, एक गोष्ट बरी झाली. तुमच्या आकड्यापायी तीन आठवडे पाणी सोडलं नाही. मंगळवारचं काय ते थोडं. विहीर तुडुंब हाय. तीन रात्री लागोपाठ मोट धरता येईल."

लाट आणखी किती रात्री टिकेल, हे मला सांगता येईना. तीन, असे मी म्हटले. आणि हा अंदाज आहे, नोंद नाही, असेही स्पष्ट केले.

त्या दिवशी मावळतीलाच मोट सुरू झाली. शारदा स्वतः आली. तिने पदर खोचला आणि बांधावर ओल्या पानांचे ढीग घालण्यात ती रंभाबाईच्या बरोबरीने राबली. दोघींची लगेच गट्टी जमली. दोघींचाही माझ्यावर विश्वास सारखाच होता. अलका धुरातून खोकत ओरडली, "मामा, तुम्ही नुसते उभे का? कुछ तो कीजिए!" मी दोन काठ्या रोवत होतो, एक बागेच्या मधोमध आणि एक बांधाबाहेर. तापमापक एकच असल्याने तो आळीपाळीने टांगायचा होता.

शनिवारी सकाळी साडेसहाला बांधाबाहेर अडतीस अंश होते. बागेत त्रेचाळीस. सुकलालने तो आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. रविवारी बाहेर एकोणचाळीस, आत चव्वेचाळीस. सोमवारी बाहेर पंचेचाळीस झाले, आणि रंभाबाईने ओसरीवरून जाहीर केले की गुडघ्याचा ठणका उतरला. मंगळवारी मी फळ्यावर एकोणपन्नास लिहिले आणि त्याखाली लहान अक्षरांत लिहिले, 'गुडघ्याशी ताडून पाहिले.'

पण करपलेली कड लगेच दिसत नाही. पान आठ दिवसांनी बोलते. त्या आठ दिवसांत मी हिंदी पुस्तिका वाचली. अडतीस पानांपैकी दीड पान मांजरांवर होते. त्यात लिहिले होते की व्यालेल्या मांजरीला ऊबदार, अंधारी आणि वर्दळ नसलेली जागा द्यावी. शारदेला मी ते मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "बघा. भोपाळलाही कळतं." वाटेत एक शब्द अडला होता. कोश उघडला नाही, अलकाला विचारले. हे कलमात बसते की नाही, याचा निर्णय मी राखून ठेवला आहे.

एकतीस डिसेंबरला, मंगळवारी, मी खालचा कप्पा नियमाप्रमाणे उघडला. त्यात आता फक्त वह्या होत्या, त्यांपैकी १९५५ची थोडी ओली. भुरी स्वयंपाकघरात चुलीशेजारी राहायला गेली होती. एक पिल्लू रंभाबाईने मागून घेतले होते आणि एक देवरामने, उंदरांसाठी. मी १९५७ची वही काढून तांबड्या शाईने २८ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर या बावीस नोंदींवर रेघा मारल्या आणि समासात कारण लिहिले: वीट. तीनशे पासष्टपैकी तीनशे त्रेचाळीस खऱ्या. पहिले कलम गेले. दुसरे पूर्ण. तिसरे वादग्रस्त. चौथ्यापुढे मी काही लिहिले नाही, कारण लिहीत असताना भुरी मांडीवर येऊन बसली होती आणि दौत उघडी होती.

दुपारी आम्ही तिघे बागेत गेलो. सुकलाल एका सरीने चालला, मी दुसऱ्या सरीने, आणि शारदा व अलका मधल्या सरीने. प्रत्येक झाडापाशी थांबायचे, पान वर करून पाहायचे, घड हाताने चाचपायचा. नवे करपलेले पान कोठे दिसते का, याकडेच माझे डोळे होते. नदीकडच्या खालच्या सरीत ती तेरा झाडे काळी उभी होती. तिथे सुकलाल थांबला नाही, मी थांबलो. शेवटी विहिरीपाशी चौघांचे आकडे एकत्र केले. बेरीज मी दोनदा केली, आणि तिसऱ्यांदा रंभाबाईने बोटांवर केली.

निरोगी घड: ५८७.